गर्दीपलीकडची आफ्रिका आणि गोरोंगोझाचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये उत्तर सेरेंगेटीतील मारा नदीकाठची एक चित्रफीत जगभर फिरली. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडण्यासाठी काठावर गोळा झालेले आणि त्यांच्या वाटेत गाड्यांमधून खाली उतरलेल्या पर्यटकांची भिंत. बुजलेली जनावरे मागे फिरत होती. काही माणसांच्या गर्दीतूनच वाट काढत पाण्यात उड्या घेत होती. त्यानंतर महिन्याभरात सीमेपलीकडे, केनियाच्या मसाई मारात, एका आंतरराष्ट्रीय हॉटेल-साखळीचा आलिशान तळ जनावरांच्या स्थलांतराच्या वाटेवरच उभारला गेल्याचा आक्षेप न्यायालयापर्यंत पोहोचला. मसाई मारात परदेशी पर्यटकाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. २०२४ पासून लागू झालेल्या या दरानेही हंगामातली नदीकाठची दाटी ओसरलेली नाही.

अशा वेळी ‘गर्दीपासून दूरची आफ्रिका’ हे शब्द पर्यटनाच्या बाजारात जोरात खपावेत, यात नवल नाही. मात्र या एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे खासगी पट्ट्यातला मोजक्या खाटांचा तंबू. तेथे गर्दी नसते, कारण बहुतेकांना तो दर झेपत नाही. दुसरी म्हणजे युद्धाने किंवा शिकारटोळ्यांनी एकदा पार रिकामी केलेली आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा उभी राहू पाहणारी राष्ट्रीय उद्याने : चाडमधील झाकुमा, रवांडातील अकागेरा, मलावीतील माजेते, मोझांबिकमधील गोरोंगोझा. पहिल्या प्रकाराबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही; पैसे मोजावेत आणि जावे. दुसऱ्या प्रकाराचा बेत आखणाऱ्याने मात्र तिकिटाआधी काही प्रश्न विचारायला हवेत. हे अरण्य रिकामे कसे झाले, ते कोण चालवते, त्याचा खर्च कोण उचलतो आणि त्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते?

गोव्याच्या वाचकाला या यादीतले सर्वांत जवळचे नाव गोरोंगोझाचे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे. व्हाइसरॉयच्या अखत्यारीतला तो एक दूरचा मुलूख होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर गोरोंगोझा डोंगराच्या पायथ्याची सत्ता मानुएल आंतोनियू द सोझा या गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या हाती होती. ‘गौवेया’ या नावाने तो त्या प्रदेशात ओळखला जाई. तटबंदीची ठाणी, पदरी बाळगलेली फौज आणि हस्तिदंताचा व्यापार यांवर त्याचे राज्य चाले. १८९० मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या माणसांनी त्याला मनिकाच्या मुलखात पकडले. सुटून आल्यावर १८९२ मध्ये बारुएच्या लढाईत तो मारला गेला. पश्चिम भारतातल्या लग्नांत नवरीच्या हाती चढणाऱ्या हस्तिदंती बांगड्यांसाठी लागणारा माल शतकानुशतके याच आफ्रिकी किनाऱ्यावरून इकडच्या बंदरांत उतरत आला. गोव्याचे या अरण्याशी नाते आहे ते असे, व्यापाऱ्याच्या वहीतले. त्या वहीत घेतल्याच्या नोंदी भरपूर आहेत, दिल्याच्या क्वचितच.

गोरोंगोझा १९२० मध्ये शिकारीसाठी राखीव झाले आणि १९६० मध्ये राष्ट्रीय उद्यान. साठीच्या दशकात तेथील चितेंगो तळावर परदेशी पाहुण्यांची रीघ असे. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत, १९७७ मध्ये, फ्रेलिमोचे सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत चालली. रेनामोचे मुख्य ठाणे गोरोंगोझाच्या परिसरातच होते, त्यामुळे हे उद्यान थेट रणभूमी झाले. सैनिकांच्या पोटासाठी रानरेडे आणि झेब्रे मारले गेले, बंदुकांसाठी हत्तीचे दात विकले गेले. तह झाल्यावर उरलेसुरले भुकेल्या माणसांनी आणि सराईत शिकाऱ्यांनी संपवले. १९७२ च्या गणनेत अडीच हजारांहून अधिक असलेले हत्ती २००० साली अडीचशेच्याही आत आले. चौदा हजारांच्या घरातले रानरेडे बोटांवर मोजण्याइतके राहिले.

या संहाराची खूण आजही चालताबोलता दिसते. गोरोंगोझातल्या अनेक माद्यांना दातच नाहीत. युद्धापूर्वी असे बिनदाताचे प्रमाण माद्यांमध्ये सुमारे १८ टक्के होते. युद्धातून वाचलेल्यांमध्ये ते ५१ टक्क्यांवर गेले. दात असलेल्या हत्तिणी वेचून मारल्या गेल्या, दात नसलेल्या उरल्या आणि तोच वारसा पुढे गेला. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे मूळ एक्स गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. हा बदल मादीला मिळाला तर ती दाताविना जगते. नराच्या गर्भाला तो बहुधा जगूच देत नाही. म्हणूनच बिनदाताचे नर जवळपास दिसत नाहीत. माणसाच्या पंधरा वर्षांच्या भांडणाने एका प्राण्याची जनुकीय घडण वाकवली, ती अशी. सफारीला जाऊन मोठ्या सुळ्यांच्या हत्तीचे छायाचित्र हवेच असेल, तर त्याने दुसरीकडे जावे. गोरोंगोझातल्या वयस्क हत्तिणींना गाडीचा आवाज अजूनही रुचत नाही. बिथरून अंगावर येण्यासाठी त्या प्रसिद्ध आहेत. तेथील वाटाडे याविषयी पाहुण्यांना आधीच बजावतात, आणि त्यांचे ऐकावे.

उभारणीची सुरुवात २००४ मध्ये झाली. ग्रेग कार या अमेरिकी उद्योजकाच्या प्रतिष्ठानाने मोझांबिक सरकारशी बोलणी केली. २००८ मध्ये वीस वर्षांच्या संयुक्त व्यवस्थापनाचा करार झाला आणि २०१८ मध्ये तो आणखी पंचवीस वर्षांनी वाढवण्यात आला. शेजारच्या देशांतून रानरेडे आणि विल्डबीस्ट आणले गेले. २०१८ मध्ये आफ्रिकी रानकुत्र्यांचा पहिला कळप सोडला गेला. पुराच्या पाण्यावर पोसणारे, उरेमा सरोवराकाठचे विस्तीर्ण गवताळ मैदान मुळात सुपीक होते, आणि शिकार थांबताच तेथील वॉटरबकची संख्या कल्पनेपलीकडे वाढली. आज हवाई गणनेत सापडणाऱ्या मोठ्या प्राण्यांचा आकडा लाखाच्या घरात जातो. अर्थात हे पूर्वीचे गोरोंगोझा नव्हे. पूर्वी रानरेडे आणि पाणघोडे जेथे गवत खात, तेथे आता वॉटरबकचे राज्य आहे आणि गेंडा नाही. पाच मोठ्या प्राण्यांची यादी हातात घेऊन खुणा करत फिरणाऱ्याची येथे निराशा होईल. तस्करांकडून सोडवलेल्या खवले मांजरांना सांभाळून पुन्हा रानात सोडण्याचे काम येथे चालते. खवले मांजराची चोरटी शिकार कोकणालाही अपरिचित नाही, तेव्हा इकडून गेलेल्या पाहुण्याने ते आवर्जून पाहावे.

यापेक्षा महत्त्वाचा भाग उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे. भोवतालच्या पट्ट्यात सुमारे दोन लाख माणसे राहतात. बहुतेक मका पिकवणारी, आणि बहुतेकांच्या घरात युद्धाची आठवण. १,८६३ मीटर उंचीच्या गोरोंगोझा डोंगरावरच्या पावसाळी जंगलातून उद्यानाला पाणी मिळते. हा डोंगर २०१० मध्ये उद्यानात समाविष्ट झाला, तेव्हा त्याची झाडी शेतीसाठी झपाट्याने तुटत होती. शेतकऱ्याला हुसकावून ती थांबली नसती. त्याऐवजी स्थानिक झाडांच्या सावलीत कॉफी लावण्याचा मार्ग निघाला : कॉफीला सावली हवी, म्हणून झाड हवे, म्हणून झाड लावणारा माणूस डोंगरावर हवा. २०१३ ते २०१६ या काळात त्या भागात बंदुका पुन्हा कडाडल्या तरी हे काम पुरते मोडले नाही. १ ऑगस्ट २०१९ रोजी अध्यक्ष फिलिप न्यूसी आणि रेनामोचे नेते ओसुफो मोमादे यांनी शस्त्रसंधीच्या करारावर सही केली, ती याच उद्यानात. मोझांबिकच्या नियमांनुसार उद्यानाच्या महसुलातला २० टक्के वाटा काठच्या ग्रामसमुदायांना द्यावा लागतो. रक्कम मोठी नसते, पण तिच्यामुळे पर्यटक गावापुढे उपरा म्हणून उभा राहत नाही.

गोव्यात हे वाचणाऱ्याच्या मनात सत्तरी येणारच. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मृतावस्थेत सापडले आणि त्यामागे मारल्या गेलेल्या गुरांचा विषय निघाला. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हापासूनची चर्चा ‘माणूस की वाघ’ या एकाच खुंट्याभोवती फिरते आहे. गुरे गेल्यावर भरपाई किती दिवसांत हाती पडते आणि जंगलाच्या उत्पन्नातला किती पैसा वाड्यावर पोहोचतो, हे दोन प्रश्न त्या चर्चेत क्वचितच ऐकू येतात. गोरोंगोझात हेच प्रश्न आधी विचारले गेले, कारण तेथे दुसरा पर्याय नव्हता. बंदूक घेतलेला माणूस आणि उपाशी माणूस एकाच गावातला होता.

असे असले तरी, ‘तुमच्या तिकिटाने हे जंगल वाचते’ असे माहितीपत्रकात लिहिलेले असते तेवढे ते खरे नसते. गोरोंगोझाच्या खर्चात पर्यटनाचे उत्पन्न हा लहान भाग आहे. मोठा भार प्रतिष्ठाने आणि परदेशी सरकारे उचलतात. अमेरिकेची यूएसएड ही संस्था या प्रकल्पाच्या जुन्या भागीदारांपैकी एक. जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनने तिचे काम औपचारिकरीत्या गुंडाळले आणि आफ्रिकेतल्या आरोग्य, शेती व निसर्गरक्षणाच्या असंख्य योजनांखालची जमीन सरकली. २०२० च्या महासाथीत पर्यटन शून्यावर आले, तेव्हा केवळ पर्यटनावर विसंबलेल्या उद्यानांची काय अवस्था झाली हे दिसले होते. २०२५ मध्ये केवळ एका दात्यावर विसंबण्यातला धोका दिसला. गर्दीपलीकडच्या उद्यानात जाणाऱ्या पाहुण्याचे मोल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे : तो तारणहार नाही, पण एका मालकाच्या लहरीवर चालणाऱ्या घरात चार भाडेकरू असावेत, तसा त्याचा आधार असतो.

दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. रिकामी झालेली अनेक उद्याने सरकारांनी ‘आफ्रिकन पार्क्स’ या बिगरसरकारी संस्थेकडे दीर्घ मुदतीने सोपवली आहेत. आज अशी वीसहून अधिक उद्याने तिच्याकडे आहेत. काम दिसते. झाकुमात २००२ मध्ये चार हजारांहून अधिक असलेले हत्ती २०१० पर्यंत साडेचारशेच्या आसपास आले होते. कळप इतके धास्तावले होते की पिल्ले जन्मेनाशी झाली होती. पहारा बसला आणि पिल्ले पुन्हा दिसू लागली. त्या पहाऱ्याची किंमत २०१२ मध्ये सहा रक्षकांनी जिवानिशी मोजली. पण याच संस्थेने मे २०२५ मध्ये मान्य केले की काँगो प्रजासत्ताकातील ओदझाला-कोकुआ उद्यानात तिच्या काही रक्षकांकडून बाका आदिवासींच्या मानवी हक्कांचे उल्लंघन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चाडच्या सरकारने तिच्याशी असलेला करार संपवल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. मलावीत २०२२ मध्ये लिवोंडे उद्यानातून २६३ हत्ती कसुंगू उद्यानात हलवण्यात आले. निसर्गरक्षणाचे मोठे यश म्हणून त्याची छायाचित्रे झळकली. त्यानंतर मलावी आणि झांबियाच्या सीमेवरच्या गावांत हत्तींच्या पायी माणसे दगावली, शेते तुडवली गेली, आणि ग्रामस्थांनी भरपाईसाठी कायद्याची वाट धरली. कंटेनरमधून उतरणारा हत्ती छायाचित्रात येतो. त्याने तुडवलेले मक्याचे शेत येत नाही.

म्हणून ठिकाण निवडताना यजमानाला विचारायचा पहिला प्रश्न ‘सिंह दिसेल का’ हा असू नये. वाटाडे कोणत्या गावचे आहेत, शुल्कातला किती वाटा गावाकडे जातो, उद्यानासाठी कोणाला हलवले गेले का आणि तक्रार कोठे करता येते, हे विचारावे. रवांडात उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातला दहा टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी ठरलेला आहे. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांनाच वन्यप्राण्यांवरचे हक्क मिळाले आणि आज तेथे ८६ सामुदायिक संवर्धन क्षेत्रे आहेत. अनेक तळांच्या भाडेपट्ट्याचा पैसा थेट त्यांच्याकडे जातो. ज्या यजमानाला या प्रश्नांचे सरळ उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे जाऊ नये. हा नियम कडक वाटेल, पण पाळायला सोपा आहे.

सुरक्षेचा विचार नकाशा उघडून करावा लागतो. उत्तर मोझांबिकच्या काबो देलगादो प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंड चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याची झळ शेजारच्या नियासा अभयारण्याला लागली. तेथील तळांवर हल्ले झाले, कर्मचारी मारले गेले. नियासा हे आफ्रिकेतल्या सर्वांत निर्जन आणि विस्तीर्ण अरण्यांपैकी एक. आडवाटेची ओढ असलेल्याला ते खुणावणारच. सध्या तेथे जाऊ नये, इतके स्पष्ट सांगायला हवे. गोरोंगोझा मध्य मोझांबिकात, त्या प्रांतापासून शेकडो किलोमीटर दक्षिणेस आहे. तरी ऑक्टोबर २०२४ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर देशभर रस्ते अडवले गेले, गोळीबार झाले आणि नागरी संघटनांच्या नोंदीनुसार तीनशेहून अधिक माणसांचा बळी गेला, हे विसरून चालणार नाही. रुळलेली वाट मात्र आपोआप सुरक्षित, असेही समजू नये. सेरेंगेटी ज्या टांझानियात आहे, तेथे ऑक्टोबर २०२५ च्या मतदानानंतर संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडले आणि पर्यटकांना विमानाची वेळ कळवणेही अवघड झाले. प्रश्न लोकप्रियतेचा नसून त्या महिन्यातल्या राजकारणाचा असतो. निवडणुकीचे वर्ष टाळावे, आणि आजाऱ्याला विमानाने हलवण्याची सोय असलेला विमा घेतल्याशिवाय निघू नये.

वेळापत्रकही पावसाच्या हाती आहे. गोरोंगोझा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत पुरामुळे बंद असते. एप्रिल-मेमध्ये रान हिरवे आणि गवत उंच, पक्षी भरपूर, प्राणी शोधावे लागतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पाणी आटते आणि जनावरे सरोवराकडे येतात. ऑक्टोबरचा उकाडा मात्र गोवेकरालाही जड जाईल. झाकुमाचा हंगाम उलटा, नोव्हेंबर ते एप्रिलच्या आसपास. गोव्यातून निघणाऱ्याला मुंबईहून नैरोबी, आदिस अबाबा किंवा जोहान्सबर्ग गाठून पुढे मोझांबिकच्या बैरा शहरात उतरावे लागते. तेथून चितेंगो काही तासांच्या मोटारप्रवासावर. लहान विमानाने जाणार असल्यास कडक पेट्या घरी ठेवून मऊ पिशवी घ्यावी. साधारण पंधरा किलोंपलीकडे ओझे चालत नाही. मोटार स्वतः चालवणाऱ्यांसाठी एक सोय अशी की मोझांबिक, झांबिया, नामिबिया आणि केनिया या सर्व देशांत भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालवतात. तीन दिवसांत तीन उद्याने उरकण्याचा हव्यास येथे उपयोगाचा नाही. एका ठिकाणी चार रात्री राहिलेल्याला जास्त दिसते.

लसीचे प्रकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याची सवय आपल्याकडे आहे आणि ती महागात पडते. मोझांबिकात पीतज्वराचा धोका धरला जात नाही. पण वाटेत केनिया किंवा इथिओपियात मुक्काम झाला, तर परतताना भारताच्या विमानतळावर प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार प्रशासनाला आहे आणि तो वापरला जातो. लस टोचल्यानंतर प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य ठरते आणि मग आयुष्यभर चालते. गोव्यात ही लस मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. तिचे दिवस आणि उपलब्धता आधी विचारून घ्यावी. हिवतापाची गोळी मात्र प्रत्येक प्रवासाला नव्याने लागते. ती कोणती आणि किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरच सांगतील.

चितेंगोहून डोंगराकडे जाण्यासाठी वेगळा दिवस काढावा. वरच्या उतारावर, झाडांच्या सावलीत कॉफीची रोपे लागलेली दिसतात आणि ती लावणारे शेतकरी पाहुण्याला वाट दाखवतात. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना पोर्तुगीज येते. गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या एखाद्याला दुभाष्याशिवाय त्यांच्याशी बोलता येईल. गौवेयाचे नाव काढून पाहावे. तो पाहुण्यांच्याच गावचा होता, हे मात्र आपणहून सांगावे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.